लोकशाहीर अमर शेख : बार्शीच्या मेहबूबची गोष्ट



आजचा लेख एका मोठ्या लोकशाहिरावर आहे. पण आधी आमच्या वर्गात घडलेलं सांगते, कारण हा लेख तिथूनच निघाला.

आमची शाळा छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात आहे. छावणी म्हणजे लष्कराची जुनी वस्ती. मध्ये खाम नदी, पलीकडं जुनं शहर. दर गुरुवारी इथं मोठा आठवडी बाजार भरतो. बाजारात एकाच गाड्यावर भाव मराठीत विचारला जातो, घासाघीस दखनीत होते आणि सुट्टे पैसे हिंदीत मागितले जातात. वर्गातही तसंच. कुणाचे वडील पलटणीत, कुणाचे बाजारात, कुणाचे एमआयडीसीत. घरची भाषा एक, गल्लीतली दुसरी, शाळेतली तिसरी.

महाराष्ट्र दिनासाठी सातवीच्या मुलांचा पोवाडा बसवत होते. एक मुलगा होता, त्याचा आवाज वर्गात सगळ्यांत खणखणीत. हाक मारली तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. मी त्याला मागच्या रांगेत उभं केलं, हातात डफ दिला आणि मुख्य शाहिराचं काम दुसऱ्या मुलाला दिलं. का दिलं? खरं सांगते, मी विचारच केला नव्हता. फेटा कुणाला शोभेल, एवढंच डोळ्यांसमोर होतं. मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हळूच विचारलं, की बाई, पोवाडा आमच्यातलं कुणी म्हणतं का?

मला दोन मिनिटं काही सुचेना. त्याच्या मनात हा प्रश्न कुठून आला, ते मात्र कळत होतं. मीच तर त्याला मागं उभं केलं होतं. दुसऱ्या दिवशी मी पाठ्यपुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला शाहीर अमर शेख यांची गोष्ट सांगितली. तीच आता थोडी सविस्तर लिहिते आहे.

जन्म आणि बालपण

अमर शेख यांचं जन्मनाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, गाव सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. आपल्या भागातल्या लोकांना बार्शी काही परकी नाही. तिला मराठवाड्याचं प्रवेशद्वार म्हणतात. त्या काळी बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि काही कोसांवर निजामाचा मुलूख सुरू व्हायचा. १८९७ साली इथं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी धावू लागली, पुढं ती पंढरपूर आणि लातूरपर्यंत गेली. कापसाचा, धान्याचा व्यापार वाढला, गिरण्या आल्या. गावात भगवंताचं प्रसिद्ध मंदिर, वारकऱ्यांची वर्दळ, भजनं, आणि जवळच मुसलमान वस्तीतली उर्दू-दखनी बोली. अशा गावात मेहबूब वाढला.

घरची परिस्थिती अगदी गरिबीची. आईचं नाव मुनेरबी. तिच्याजवळ मुलाला द्यायला पैसाअडका नव्हता, पण गाणी होती. तिच्या तोंडची लोकगीतं ऐकत मेहबूबचा कान तयार झाला. इथं एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. सोलापूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायांत मुसलमान घरच्या बायाही होत्या. पहाटे दळण सगळ्यांनाच होतं. ज्वारी दळताना माहेरची आठवण, भावाची वाट, पंढरीची वाट हे विषय ओवीत यायचे आणि ती ओवी मराठीतच असायची. अमर शेखांची मराठी ही अशी आईकडून आलेली मराठी होती. ती पुस्तकात शिकलेली नव्हती.

शाहिरी नेमकी कुणाची?

चरित्र पुढं नेण्याआधी माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते.

शाहीर हा शब्द अरबीतल्या शाइर या शब्दावरून आला. शाइर म्हणजे कवी. शाहिराच्या हातातला डफ, लाकडी कड्यावर एका बाजूनं चामडं ताणलेला, त्याचंही नाव अरबीतून आलं. त्याच्या शेजारी वाजणारं एकतारी तुणतुणं मात्र इथल्या मातीतलं. पोवाड्यातली भाषा शेतकऱ्याची, कथा मावळ्यांच्या, आणि सरदार, फौज, तोफ, किल्ला हे शब्द फारसी-अरबी-तुर्कीतून आलेले. म्हणजे पोवाडा जन्मापासूनच दोन्ही घरचा आहे.

गाणारेही तसेच. पेशवाईतले नामांकित शाहीर सगनभाऊ हे मुसलमान होते. त्याआधी श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला. आणि उलट बाजूनं पाहा. विसाव्या शतकातले पठ्ठे बापूराव म्हणजे ब्राह्मण घरातले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ते सगळं सोडून तमाशाच्या फडात आले आणि पवळाबाईंसोबत उभे राहिले. कोण कुठल्या घरात जन्मला, यापेक्षा छातीत दम किती आणि कान किती तयार, हे या कलेत जास्त मोजलं गेलं. हे मला माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट रांग लावताना आठवली नाही, ही माझी चूक.

मोटारीवरचा क्लीनर, गिरणीतला कामगार, तुरुंगातला कैदी

मेहबूबला फार शिकता आलं नाही. पोटासाठी मिळेल ते काम केलं. मोटारगाडीवर क्लीनर म्हणून राहिला. नंतर बार्शीच्या कापड गिरणीत कामाला लागला. आजच्या मुलांना क्लीनरचं काम सांगावं लागतं: गाडी पुसायची, पाणी भरायचं, टपावर सामान चढवायचं आणि गाव आलं की मोठ्यानं पुकारा करायचा. गिरणीत तर सगळीकडं सांच्यांचा खडखडाट. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडूनच. अमर शेखांच्या पहाडी आवाजाचं पुढं फार कौतुक झालं. त्या आवाजाची तालीम कुठल्या गुरूच्या घरी झाली असेल, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हेच: मोटारस्टँडवर आणि गिरणीत.

गिरणी कामगारांच्या लढ्यात तो पुढं आला. संपात भाग घेतला, आणि विसापूरच्या तुरुंगात जावं लागलं. विसापूर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, श्रीगोंदा तालुक्यातलं. शेख महंमदांच्या श्रीगोंद्याजवळचंच. स्वातंत्र्यलढ्यात या तुरुंगात कितीतरी राजकीय कैदी ठेवले होते. तिथं साम्यवादी विचारांच्या कार्यकर्त्यांची ओळख झाली. कामगारांच्या दुःखाला कारणं असतात आणि ती बदलता येतात, हा विचार मेहबूबच्या मनात पक्का झाला. पुढं तो कम्युनिस्ट चळवळीत आला.

पालकांसाठी एक सूचना. चरित्र सांगताना आपण पुष्कळदा मतांचा भाग गाळतो. मुलांना राजकारण नको, म्हणतो. पण अमर शेखांच्या आयुष्यातून लाल बावटा काढून टाकला तर त्यांची गाणी कुणासाठी होती, तेच कळणार नाही. त्यांची मतं आपल्याला पटोत वा न पटोत, सांगायला हवीत. सातवीतल्या मुलाला एवढं नक्की समजतं.

मेहबूबचा अमर झाला

तुरुंगानंतरच्या काळात मेहबूब कोल्हापूरला गेला. त्या वेळी कोल्हापूर हे मराठी चित्रपटांचं माहेरघर होतं. तिथं स्टुडिओत काम केलं, आणि तिथंच मित्रांनी त्याला नवं नाव दिलं: अमर शेख.

या नावाकडं जरा थांबून पाहा. अमर हा संस्कृत शब्द, शेख हा अरबी. पहिला शब्द घेतला म्हणून दुसरा पुसला नाही. त्या काळी चित्रपटांत, संगीतात नाव बदलणारे अनेक होते. दिलीपकुमार, मीनाकुमारी ही नावं मुलांनाही माहीत असतात. तिथं जुनं नाव नव्या नावाच्या मागं पूर्ण झाकलं गेलं. इथं तसं झालं नाही. गावोगावच्या सभांत, मंदिरासमोरच्या पटांगणात, कामगार वस्तीत, शाहीर अमर शेख असाच पुकारा व्हायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. आपण कोण आहोत ते लपवायचं नाही, आणि तेवढ्यावरच अडूनही बसायचं नाही, असं ते नाव सांगत होतं.

लाल बावटा कलापथक

मुंबईत आल्यावर त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली. १९४३ साली मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जन नाट्य संघ, स्थापन झाला होता. बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि देशभरातले कलावंत लोकांना जागं करायला निघाले होते. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं.

तिघंही कष्टकऱ्यांच्या चळवळीतले. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले, शाळेत जवळजवळ न गेलेले, आणि लेखणी अशी की पुढं कथा-कादंबऱ्यांचा डोंगर उभा केला. गव्हाणकर कवी आणि गायक. अमर शेखांकडं रचनाही होती आणि तो आवाजही. गिरणगावातल्या चाळींच्या मधल्या जागेत, मैदानात, संपाच्या सभेत यांचे कार्यक्रम व्हायचे.

कलापथकात काय असायचं, हे शिक्षकांनी नीट समजून घ्यावं, कारण वर्गात उपयोगी पडतं. पारंपरिक तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन. मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. या मंडळींनी साचा तोच ठेवला, आतला माल बदलला. गणात मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आलं. गवळण गाळली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, गिरणीमालक, पुढारी आले. लोकांना चाल ओळखीची, म्हणून ते थांबायचे, आणि विषय स्वतःच्या घरचा, म्हणून शेवटपर्यंत बसायचे. या प्रकाराला पुढं लोकनाट्य म्हणू लागले.

आणखी एक हिशोब ध्यानात ठेवा. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता साधारण १८ टक्के होती. म्हणजे शंभरातल्या ब्याऐंशी माणसांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी शाहीर हाच छापखाना आणि शाहीर हाच संपादक. म्हणूनच सत्तेलाही गाण्याची धास्ती वाटायची. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं या कलापथकावर बंदी घातली. पण गाणं वहीत नव्हतं, लोकांच्या तोंडात होतं. ते जप्त कसं करणार?

संयुक्त महाराष्ट्राचा आवाज

अमर शेख घराघरांत पोहोचले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात. मराठी बोलणाऱ्यांचं मुंबईसह एक राज्य व्हावं, ही मागणी होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये पुन्हा झाला. या लढ्यात शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. त्यात वेगवेगळ्या पक्षांची माणसं होती. एकमेकांशी न पटणारी माणसंसुद्धा एका व्यासपीठावर आली.

या सभा आजच्यासारख्या नव्हत्या. दोन-दोन तास आधी लोक जमायचे. नेते यायला उशीर व्हायचा. तोवर गर्दी धरून ठेवायची कुणी? शाहिरांनी. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील अशी कितीतरी मंडळी गावोगाव फिरली. अण्णा भाऊंनी 'माझी मैना' या छक्कडीत गावाकडं राहिलेल्या सखीच्या विरहातून महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाचं दुःख सांगितलं. अमर शेख उभे राहिले की डफावर थाप पडायची आणि हजारोंची सभा क्षणात शांत व्हायची, असं त्यांना ऐकलेली माणसं सांगत आली आहेत. आचार्य अत्र्यांचं भाषण आणि अमर शेखांचा पोवाडा, ही त्या काळातल्या सभांची जोडी होती.

आपल्या मराठवाड्याचाही यात वाटा आहे. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून मोकळे झालो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे तेव्हाचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. दरवर्षी आपण शाळेत झेंडावंदन करतो, तो हाच दिवस. त्या दिवसामागं ज्यांचे आवाज आहेत, त्यांत बार्शीच्या मुनेरबीच्या मुलाचा आवाज अगदी वरचा आहे. माझ्या विद्यार्थ्याला हे सांगितलं, तेव्हा तो काही बोलला नाही. फक्त बाकावर जरा पुढं सरकून बसला.

गोवामुक्तीच्या लढ्यातही त्यांनी शाहिरी केली. १९६२ साली चीननं आक्रमण केलं, तेव्हा हा साम्यवादी शाहीर जवानांसाठी डफ घेऊन उभा राहिला. आमच्या छावणीतल्या मुलांना हा भाग सगळ्यांत जवळचा वाटला. ज्यांचे वडील सीमेवर आहेत, त्या मुलांनी याच भागावर सगळ्यांत जास्त प्रश्न विचारले.

स्वतःची वाट

कुठल्याही मोठ्या कंपनीचा किंवा दरबाराचा आधार न घेता जगणारा कलावंत म्हणजे काय, हे अमर शेखांच्या कामाच्या यादीवरून कळतं. त्यांनी पुढं स्वतःचं कलापथक चालवलं. 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक १९५१ मध्ये आलं. 'कलश' हा कवितासंग्रह १९५८ चा, तर 'धरतीमाता' १९६३ चा. 'युगदीप' आणि 'वख्त की आवाज' ही नियतकालिकं त्यांनी संपादित केली. एक नाव मराठी वळणाचं, दुसरं हिंदुस्तानी. १९६१ च्या 'प्रपंच' या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली.

पुष्कळांना वाटतं की शाहीर म्हणजे फक्त मोठ्या आवाजाचा माणूस. पण 'कलश' लिहिणारा माणूस कवीही होता. सभेतलं गाणं आणि कागदावरची कविता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभेत ओळ एकदाच ऐकू येते, म्हणून ती सोपी, पुन्हा पुन्हा येणारी लागते. कागदावर वाचक मागं जाऊन परत वाचू शकतो. दोन्ही करणारी माणसं थोडी असतात.

या वाटेला किंमत होती. कलापथक म्हणजे डझनभर माणसांचं पोट. प्रवास, मुक्काम, वाद्यं, आजारपण, सगळं त्यातच. चळवळीच्या सभेत तिकीट नसतं. गाणं लोकांचं झालं की ज्याच्या-त्याच्या तोंडी जातं आणि रचणाऱ्याचं नाव मागं पडतं. शाहिराच्या दृष्टीनं हीच मोठी पावती. पण पावतीवर चूल पेटत नाही, हेही खरं. महाराष्ट्र झाला, सभा संपल्या, आणि त्या सभा ज्यांनी जिंकून दिल्या ते शाहीर हळूहळू विसरले जाऊ लागले. मुलांना फक्त टाळ्यांचा भाग सांगू नये. हाही सांगावा.

घर

त्यांच्या पत्नी कुसुम जयकर. हा विवाह धर्माच्या भिंती ओलांडून झालेला. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या मराठीतल्या नामवंत कवयित्री. त्यांचं नाव पुन्हा एकदा वाचा. मित्रांनी कोल्हापुरात दिलेलं ते नाव पुढच्या पिढीनं आडनावासारखं लावलं. बापाचं मूळ आडनाव पटेल होतं, पण मुलीनं वारसा घेतला तो गाण्याचा.

१९६९ चा पावसाळा

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखांचं निधन झालं. वय अवघं बावन्न.

त्या वर्षीचा पावसाळा महाराष्ट्राला फार महाग पडला. १३ जूनला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णा भाऊ साठे गेले. आणि २९ ऑगस्टला अमर शेख. अकरा आठवड्यांत तीन माणसं. ज्या सभांनी महाराष्ट्र घडवला, त्या सभांचा वक्ता, कवी आणि गायक एकापाठोपाठ एक निघून गेले.

वर्गात काय करता येईल?

सहावी ते नववीच्या वर्गांत मी करून पाहिलेले काही उपक्रम देते. आपापल्या सोयीनं बदल करावा.

१. शब्दांचा माग : पोवाड्यात येणारे दहा शब्द फळ्यावर लिहा. कोणता शब्द कुठल्या भाषेतून आला, ते मुलांना शब्दकोशात शोधू द्या. शाहीर, डफ, फौज या शब्दांपासून सुरुवात करावी.

२. आजीची ओवी : घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक ओवी, अंगाईगीत किंवा लग्नगीत लिहून आणायला सांगा. भाषा कोणतीही चालेल. माझ्या वर्गात मराठी, दखनी, तेलुगू, पंजाबी आणि लमाणी बोलीतली गाणी आली. पालकांनी इथं थोडा वेळ द्यावा. आजीला विचारणारं कुणी असतं, तेव्हाच ती गाते.

३. झीलकऱ्याचं काम : पोवाड्यात मुख्य शाहिराच्या मागं उभे राहून जी जी म्हणत सूर धरणारे ते झीलकरी. मुलांना वाटतं, हे उगीच मागं उभे असतात. तसं नाही. शाहीर कडवं संपवून श्वास घेतो, तेवढा वेळ गाणं झीलकरी सांभाळतात. सगळ्या मुलांना आळीपाळीनं दोन्ही कामं द्यावीत.

४. काळरेषा : १९१६ पासून १९६९ पर्यंतची रेषा आखा. वर अमर शेखांच्या आयुष्यातल्या घटना, खाली देशातल्या. दोन्ही ओळी कुठं एकमेकींना भिडतात, ते मुलांनाच सांगू द्या.

५. चर्चेचा प्रश्न : गाणं लोकांचं झालं आणि रचणाऱ्याचं नाव विसरलं, तर ते चांगलं की वाईट? याला एक बरोबर उत्तर नाही. दोन्ही बाजू ऐकाव्यात.

शेवटी

महाराष्ट्र दिनाच्या त्या पोवाड्याचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. मी रांग बदलली. आधी ज्याला शाहिराचं काम दिलं होतं त्याच्याशी बोलले, त्याला वाईट वाटू नये म्हणून पहिली दोन कडवी त्याच्याकडं ठेवली आणि पुढची त्या खणखणीत आवाजाच्या मुलाला दिली. फेटा दोघांनाही बांधला.

१ मे ला सकाळी मैदानात ऊन तापायला लागलं होतं. मुलानं छान सुरुवात केली. पण सातवीतली मुलं, आवाज फुटायचं वय. चौथ्या कडव्याच्या वरच्या ओळीवर त्याचा आवाज चिरकला आणि तो थांबला. पुढच्या रांगेतली काही मुलं हसली. मी पुढं होणार, तेवढ्यात मागच्या झीलकऱ्यांनी जी जी चा सूर धरला आणि धरूनच ठेवला, त्याला श्वास मिळेपर्यंत. त्या रांगेत आधीचा शाहीरही होता. मग यानं तीच ओळ खालच्या सुरात पुन्हा घेतली आणि पोवाडा पूर्ण केला.

त्याची आई बुरख्यात, मैदानाच्या कडेला, मोबाइलवर चित्रीकरण करत उभी होती. कार्यक्रम संपल्यावर तिनं मला अमर शेखांची गाणी कुठं ऐकायला मिळतील, ते विचारलं.

शिक्षक मित्रांनो, मुलांची रांग लावताना आपण नकळत वारसाही वाटत असतो. कुणाला पुढं, कुणाला मागं. एवढं भान राहिलं, तरी अमर शेखांचं चरित्र शिकवल्याचं सार्थक होईल.

तुमच्या शाळेत, तुमच्या भागात जुन्या शाहिरांची गाणी गाणारं कुणी असेल, तर मुलांना त्यांच्याकडं जरूर घेऊन जा.